सरांची गाडी: एकट्याला दगड, दोघांना झोपाळा

सरांची परवानगी घेऊन त्यांच्या मोटरसायकलच्या शॉकअपचं हे प्रकरण लिहितोय. त्यांचं गाव, शाळा आणि गाडीचं मॉडेल मुद्दाम सांगत नाही. आकडे मात्र गॅरेजच्या वहीतले आहेत, होते तसे उतरवलेत. यात एक चूक आमच्या गॅरेजची आहे. ती वगळली असती तर हे प्रकरण निम्म्यात आटोपलं असतं, पण मग लिहिण्यासारखंही फार उरलं नसतं.

पार्श्वभूमी

सर गणपतीपुळ्याच्या अलीकडे एका गावात राहतात आणि रत्नागिरीत शाळेवर आहेत. आरे-वारेच्या रस्त्याने रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. पर्यटकांना हा रस्ता वरून दिसणाऱ्या समुद्रासाठी आवडतो. रोज जाणाऱ्याला त्यातले चढ-उतार, आंधळी वळणं आणि पावसाळ्यात वाहून आलेली जांभ्याची तांबडी माती एवढंच दिसतं. खारा वारा बारा महिने. शिवाय महिन्यातून एक-दोनदा वहिनींना मागे बसवून जयगड, तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून तवसाळ, आणि पुढे गुहागर तालुक्यात सासुरवाडी.

गाडी १५० सीसीची, २०१७ साली घेतलेली. पुढे साधे टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे चाकाच्या दोन बाजूंना एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे शॉकअप (आम्ही त्यांना ‘पाय’ म्हणतो), मागे एकच मोनोशॉक. आमच्याकडे आली तेव्हा मीटरवर ४१ हजार किलोमीटर होते. हेल्मेट, दप्तर, डबा धरून सरांचं वजन ८२ किलो, वहिनींचं ६१. दोघांनाही शेजारच्या वाण्याच्या काट्यावर उभं केलं होतं. वहिनींनी आकडा वहीत लिहू दिला, हा त्यांचा मोठेपणा.

इंजिन ऑइल, चेन, ब्रेक सगळं वेळच्या वेळी केलेलं. शॉकअपला मात्र पाच वर्षांत कुणी हात लावला नव्हता. पुढच्या फोर्कमध्ये ऑइल असतं हे सरांना माहीत होतं, ते बदलायचं असतं हे माहीत नव्हतं. यात सरांना दोष देत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांचं असंच असतं.

तक्रार

२०२२चा ऑक्टोबर, पाऊस नुकताच मागे हटलेला. सर आले आणि पिशवीतून एक नवाकोरा शॉकअप काढून त्यांनी टेबलावर ठेवला. लालभडक स्प्रिंग, बाजूला सोनेरी डबा, डब्यावर ‘गॅस’ असा स्टिकर. किंमत ४,२०० रुपये.

“मिस्त्री, मागचा काढा आणि हा बसवा.”

“सर, आधी होतंय काय ते सांगा.”

एकटे जाताना गाडी दणके देते, डांबराच्या साध्या ठिगळावरसुद्धा कमरेत कळ जाते. वहिनी मागे असल्या की नेमकं उलट. फेरीबोटीतून उतरताना रॅम्पच्या कडेवरून मागचं चाक गेलं की गाडी तीन-चार झोके खाते आणि वहिनी सरांचा खांदा धरतात. “एकट्याला दगड आणि दोघांना झोपाळा,” सर म्हणाले. “एकच शॉकअप दोन्ही कसा असेल?”

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. सगळं प्रकरण त्या एका प्रश्नात होतं, पण ते मला तेव्हा कळलं असं म्हणणार नाही.

तिसरी तक्रार त्यांनी आपणहून सांगितलीच नाही, विचारल्यावर आठवली. उतारावर पुढचा ब्रेक लावला की गाडीचं तोंड खाली जातं आणि हॅंडल चुळबुळतं. रोजची सवय झाल्यामुळे ती तक्रार वाटतच नव्हती.

पाहणी

आधी टायर. मागच्यात ४२ पीएसआय, पुढच्यात ३६. चेन कव्हरवरच्या स्टिकरवर एकट्यासाठी मागे २८, दोघांसाठी ३२ आणि पुढे २५ लिहिलेलं. पंपावरचा पोरगा सगळ्यांना ‘चाळीस’ मारतो, सरांनी कधी अडवलं नाही. इतक्या हवेत टायर शॉकअपच्या वाटणीचं काहीच काम करत नाही, रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट वर पाठवतो.

मग माप. शॉकअपच्या कामात माझा सगळ्यात जास्त भरवसा मोजपट्टीवर आहे. चाक हवेत लटकतं ठेवून एक्सलपासून वरच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्यायचं. गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून तेच अंतर पुन्हा. मग स्वार सगळ्या सामानासकट पाय वर घेऊन बसला की तिसऱ्यांदा. या फरकाला सॅग म्हणतात. साध्या भाषेत, गाडी किती बसते. रस्त्यावरच्या गाडीसाठी एकूण प्रवासाच्या, म्हणजे चाक जितकं वर-खाली होऊ शकतं त्याच्या, पंचवीस ते तीस टक्के बसणं बरं. पुढे फोर्कच्या नळीला केबल टाय बांधला की ब्रेकमध्ये ती किती खाली गेली तेही कळतं.

मागे एकूण प्रवास ११५ मिमी. प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी, गोल कडी सातव्या, म्हणजे शेवटच्या खाचेवर. स्वतःच्या वजनाने गाडी बसली शून्य. सर बसल्यावर १३ मिमी. वहिनींसकट ३६.

हे आकडे वहीत एकाखाली एक लिहिल्यावर पहिला उलगडा झाला. दोघांसाठी ३६ मिमी जवळजवळ बरोबर आहे. एकट्यासाठी १३ अगदीच तोकडं. सर आठवून म्हणाले, “तीनेक वर्षांपूर्वी सासुरवाडीला सामान न्यायचं होतं, तेव्हा एकाने टाइट करून दिला होता.” तेव्हापासून तो तसाच. टाइट केल्याने स्प्रिंग कडक होते असा सार्वत्रिक समज आहे. तसं होत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त ती आधीच दाबून ठेवल्यामुळे गाडी वर उचलली जाते. स्वतःच्या वजनाने गाडी शून्य बसते म्हणजे चाकाला खाली उतरायला जागाच नाही. खड्डा आला की चाक त्यात उतरत नाही, वरून उडी मारतं आणि पलीकडच्या काठावर आपटतं. हा झाला एकट्याचा दगड.

झोपाळ्याचं कारण वेगळं निघालं. मागची सीट दाबून सोडली तर गाडीने एकदाच वर येऊन थांबायला हवं. ही अडीच झोके खाऊन थांबली. शॉकअपच्या रॉडवर तेलाचा ओलसर थर आणि त्यात लाल माती घट्ट बसलेली. आतलं डॅम्पिंग संपलेलं होतं. स्प्रिंग उडवते आणि डॅम्पिंग तिला आवरतं. आवरणारा गेला होता. पण एकट्याचं १३ मिमीचं बसणं इतकं कमी की उडायला फार वाव नव्हता. दोघांच्या वजनाने गाडी बसली की मग ते उघडं पडायचं.

म्हणजे एकाच शॉकअपमध्ये दोन वेगळे दोष होते, आणि दोन्हीचा सरांनी काढलेला अर्थ एकच, ‘शॉकअप गेला’.

पुढे १३० मिमी प्रवासातले ४६ मिमी गाडी सरांच्या वजनानेच बसत होती. तोंड खाली, शेपूट वर, अशा गाडीचं हॅंडल उतारावर चुळबुळणारच. उजव्या पायावर, म्हणजे ज्या पायाला डिस्क ब्रेकचा कॅलिपर आहे त्याच पायावर, सीलखाली तेलाची रेघ. पुढचं चाक उचलून हॅंडल हलकेच फिरवलं तर मधोमध टकदिशी अडकायचं. हॅंडल ज्यावर फिरतं त्या बॉल रेसरला खाचा पडलेल्या. मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मच्या बुशात खेळ नव्हता, तेवढंच एक सुख.

सरांनी आणलेल्या सोनेरी डब्याच्या शॉकअपचंही माप घेतलं. दोन्ही डोळ्यांमधलं, म्हणजे बोल्टच्या भोकांमधलं, अंतर कंपनीच्या शॉकअपपेक्षा १० मिमीने जास्त. आधीच शेपूट वर असलेल्या गाडीचं शेपूट त्याने आणखी उचललं असतं. सोनेरी डबा हाताने गोल फिरला. मागे गॅस भरायचा वाल्व नाही, पुढे शॉकअपच्या अंगात जाणारं भोक नाही. नुसती करवंटी, शोभेला चिकटवलेली. खऱ्या गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजनचा दाब तेलाला फेसाळू देत नाही, म्हणून लांब खराब रस्त्यावरही डॅम्पिंग टिकतं. इथे फेस अडवायला फक्त स्टिकर होता.

पर्याय

सरांसमोर चार वाटा ठेवल्या.

सोनेरी डब्याचा शॉकअप बसवायचा. मी नको म्हणालो. लांबी वेगळी, आतलं काय ते कुणालाच माहीत नाही. मूळ रचनेत बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा आणि पुढे विम्याचा प्रश्न येऊ शकतो, तेही सांगितलं. खरं सांगायचं तर माझं मन लांबीनेच उडालं होतं, कायदा मागाहून आठवला.

दुसरी वाट, जुनाच शॉकअप खोलून भरून घ्यायचा. हा शॉकअप बंद बनावटीचा, खोलायला केलेलाच नाही. काही जण तो कापतात, सील आणि तेल बदलून परत वेल्डिंग मारतात. स्वस्त पडतं. पण रॉडचं क्रोम आधीच खरवडलेलं होतं, आणि जोड मारलेल्या दाबाच्या भांड्यावर वहिनींना बसवायची माझी तयारी नव्हती.

तिसरी, कंपनीचा नवा शॉकअप, साडेतीन हजारांच्या आसपास. चौथी, ओहलिन्स किंवा वायएसएससारख्या नावाजलेल्या घराण्यातला, रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडण्याचा वेग) कमी-जास्त करता येणारा, वजनाप्रमाणे स्प्रिंग निवडता येणारा शॉकअप. त्याची किंमत पाच आकड्यांत जाते, आणि आपल्या मॉडेलसाठी तो बनतो का हे आधी बघावं लागतं.

निर्णय असा झाला की मागचा शॉकअप आत्ता घ्यायचाच नाही. आधी जे फुकटात होतं ते करायचं, मग पुढचे पाय, आणि त्यानंतर मागचा. सरांना हे पटलं नव्हतं. पिशवीत नवी वस्तू असताना हात राखणं कुणालाही जड जातं.

फुकटातला आठवडा

हवा स्टिकरप्रमाणे केली. प्रीलोड सातवरून तीनवर आणायचा होता, पण कडी जागची हलेना. स्प्रिंगच्या बुडाशी खारा गंज असा धरला होता की हुक पाना लावल्यावर पानाच सटकायचा. रात्रभर डिझेल सोडून ठेवलं. सकाळी लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकल्यावर ‘कर्र’ करून पहिली खाच सुटली. पुढच्या तीन सोप्या गेल्या. ही कडी कुणी का फिरवत नाही याचं कारण त्या आवाजात होतं. कोकणातल्या बहुतेक गाड्यांची ती फिरतच नाही.

तिसऱ्या खाचेवर माप पुन्हा घेतलं. स्वतःच्या वजनाने ६ मिमी, सरांसकट २९. एका खाचेला चाकापाशी साधारण ४ मिमीचा फरक पडतो, हेही त्यातून कळलं.

आठवड्याने सर आले ते हसत. एकट्याची दणक्यांची निम्मी कटकट गेली होती. “म्हणजे मी ४,२०० रुपये उगाच घातले?” मी काही बोललो नाही. मेलेलं डॅम्पिंग आता एकटं असतानाही थोडं जाणवायला लागलं होतं, पण तेव्हा ते बोलण्याची वेळ नव्हती.

पुढचे पाय, आणि आमची चूक

दोन्ही पाय उतरवून ऑइल मापाच्या भांड्यात ओतलं. मॅन्युअलमध्ये एका पायाचं माप १९० मिली. डावीकडून निघालं १६८, उजवीकडून ११०. रंग राखाडी-काळा, तळाला चमचमणारी धातूची पूड. वास पावसाळ्यात ओल लागलेल्या सुकटीसारखा. सर दोन पावलं मागे सरले.

इथे एक मोह होता आणि माझा मदतनीस त्याला बळी पडणार होता. “दादा, गाडी खूप बसते ना, मग घट्ट ऑइल घालू. वीस-चाळीस इंजिन ऑइल मारू.” ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पण ऑइल गाडीचं वजन पेलत नाही. वजन पेलते स्प्रिंग. ऑइल फक्त हालचालीचा वेग आवरतं. या साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतून ढकललं जातं, आणि वेग दुप्पट झाला की अडथळा सुमारे चौपट होतो. हळू डुलताना तेल जवळजवळ मोकळं जातं आणि काँक्रीटच्या सांध्यासारख्या तीक्ष्ण कडेवर ते कोंडतं. घट्ट तेल घातलं तर ती कड थेट मनगटात येते. ४० अंशांवर दहा नंबरच्या फोर्क ऑइलचा घट्टपणा साधारण तीस ते पन्नास सेंटिस्टोक असतो, वीस-चाळीस इंजिन ऑइलचा शंभराच्या वर. शिवाय फोर्क ऑइलचे नंबर कंपनीगणिक जुळत नाहीत, एकाचं दहा दुसऱ्याच्या साडेसातसारखं निघतं. डब्याच्या मागे सेंटिस्टोकचा आकडा असेल तर तोच वाचावा.

तो मोह टाळला. दहा नंबर भरलं, दोन्हीकडे नवे सील, बॉल रेसर नवा, तेलाने भिजलेले पुढचे ब्रेक पॅडही नवे. सर खूश.

एकोणिसाव्या दिवशी फोन आला. “मिस्त्री, पुन्हा रेघ दिसतेय. आणि आरेच्या उतारावर ब्रेक लागायला उशीर झाला.”

उशीर झाला. हे दोन शब्द ऐकून पोटात खड्डा पडला. उजव्या पायातलं तेल डिस्कवर उडालं होतं. गाडी न चालवता उभी करायला सांगितलं आणि टेम्पो पाठवून आणवली.

नवा सील इतक्या लवकर का गेला? नळी पुसून उन्हात धरली, काही दिसेना. मग कापसाचा बोळा घेऊन वरून खाली हलकेच फिरवला. डस्ट सीलच्या वर साठ-सत्तर मिलिमीटरवर तीन ठिकाणी कापसाचे तंतू अडकून राहिले. नखाने चाचपलं तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. खाऱ्या चिखलाने क्रोम आतून उचललं होतं. फोर्क दबला की नवा सील त्या तीन करवतींवरून जायचा, दिवसातून शेकडो वेळा.

पहिल्या वेळी कापूस फिरवायला दोन मिनिटं लागली असती. नळी पुसली, चकाकली, म्हणून चांगली समजलो. आत काय चाललंय त्यावर माझं सगळं लक्ष होतं, बाहेर हातात धरलेली वस्तू तपासली नाही. दुसऱ्या वेळचे सील, ऑइल, पॅड आणि मजुरी आमच्या खिशातून गेली.

पुन्हा पुढचे पाय

मदतनीस म्हणाला, नळी अर्धी फिरवून बसवू, खड्डे मागच्या बाजूला जातील. हेही सगळीकडे ऐकायला मिळतं. सील गोल असतो, नळी कशीही फिरवली तरी तो खड्ड्यांवरून जाणारच.

दोन खऱ्या वाटा होत्या. नळ्या कोल्हापूरला पाठवून जुनं क्रोम काढून हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंग करून आणायच्या, किंवा नव्या मागवायच्या. हार्ड क्रोम चांगलं केलं तर मूळच्यापेक्षाही टिकतं, जुन्या दुर्मीळ गाड्यांसाठी मी तीच वाट धरतो. पण त्यात आठ-दहा दिवस गेले असते आणि नव्या नळ्या आठवड्यात मिळत होत्या. नव्या मागवल्या, दोन्ही बाजूंच्या. डावी अजून बरी होती, पण तिलाही तोच वारा लागला होता.

सरांना मधल्या दिवसांत गाडी हवी होती. खड्ड्यांच्या कडा बारीक दगडाने मोडून त्यात चिकट द्रव भरायचा, वाळल्यावर २००० नंबरच्या पाण्याच्या कागदाने घासून सपाट करायचं, अशी एक तात्पुरती युक्ती आहे. ती केली, पुन्हा पॅड बदलले आणि सरांना सांगितलं की रोज सकाळी डिस्कला बोट लावून बघायचं. सहा दिवस निभावलं. यावर महिनेन्‌महिने गाडी चालवणारे लोक मला माहीत आहेत. मी तसं सुचवणार नाही.

नळ्या आल्यावर जुनी आणि नवी स्प्रिंग शेजारी उभी करून पाहिली. जुनी ७ मिमीने आखूड झालेली. स्प्रिंगाही नव्या घातल्या. त्यांनी सॅग ४६वरून ३९वर आला. सर कंपनीने गृहीत धरलेल्या स्वारापेक्षा वजनदार असावेत, म्हणून लेथवर ५ मिमीच्या दोन पोलादी चकत्या कापून घेतल्या आणि स्प्रिंगवर ठेवल्या. सॅग ३४. ऑइल या वेळी मिलीवर न सोडता पातळीवर मोजलं, स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून. वर उरलेली हवासुद्धा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगसारखं काम करते, त्यामुळे दोन्ही पायांत ती सारखी असणं महत्त्वाचं.

मागचा शॉकअप

डिसेंबर उजाडला होता. सरांचा आता आमच्यावर थोडा जास्तच विश्वास बसला होता, आणि त्यांनीच महागड्याचा विषय काढला. “इतकं केलंय, तर मागे चांगलाच घालू. पैसे जमवीन.”

इथे माझं मन दोन्हीकडे ओढ घेत होतं. रिबाउंड फिरवता येणारा शॉकअप झोपाळ्यावर नेमका इलाज आहे, आणि विकला तर माझाही फायदा. पण सरांच्या वहीतले आकडे वेगळं सांगत होते. एकट्याला तिसरी खाच, दोघांना सातवी, आणि दोन्हीकडे कंपनीची स्प्रिंग पुरी पडत होती. त्यांची अडचण नव्या डॅम्पिंगने सुटणार होती, ते फिरवता येण्याने नाही. फिरवायची गरज होती ती प्रीलोडची कडी, आठवड्यातून एकदा, गंज न धरता.

तसं सरांना सांगितलं. हेही सांगितलं की त्यांचं वजन शंभरावर असतं किंवा वहिनींसोबत रोज आंबा घाट करायचा असता तर मी उलट बोललो असतो. सरांनी एक रात्र घेतली आणि कंपनीचाच घ्या म्हणाले.

बसवण्याआधी कडीच्या खाचांना आणि स्प्रिंगच्या बुडाला पाण्यात न धुपणारं ग्रीस भरलं. कडीवर पांढऱ्या रंगाने दोन ठिपके मारले, तीनवर एक आणि सातवर दोन. हुक पाना सीटखाली रबराने बांधून दिला. चेनच्या फटकाऱ्याने उडणारा चिखल थेट शॉकअपवर येऊ नये म्हणून मडगार्डला आतून जुन्या ट्यूबचा पट्टा लावला. बिलात त्या पट्ट्याचे शून्य रुपये आहेत, पण मला तोच सगळ्यात आवडतो.

निकाल

जानेवारीत तवसाळला उतरताना तोच रॅम्प, दोघं मागे-पुढे. गाडी एकदा बसली, एकदा उठली, थांबली. आरेच्या उतारावर हॅंडल शांत आहे. पुढचा केबल टाय जोरात ब्रेक मारल्यावर १०४ मिमीवर थांबतो, पूर्वी थेट तळाला टेकायचा.

सगळंच सुटलं असं मात्र नाही. महामार्गावर काँक्रीटच्या सांध्यांवरून साठच्या पुढे गेलं की मनगटाला टकटक लागतेच. साध्या भोकांच्या फोर्कची ती मर्यादा आहे, ती तेलाने जात नाही. सरांचा खर्च सोनेरी डब्याचा शॉकअप धरून चौदा हजारांच्या आसपास गेला, तो शॉकअप दुकानदाराने परत घेतला नाही.

पुढे २०२३च्या पावसाआधी फोर्कला रबरी बूट लावायचा प्रश्न आला. बूट चिखल अडवतात, पण एकदा खारं पाणी आत शिरलं की ते आतच घाम धरून बसतं आणि नळी कुजते, डोळ्यांआड. सरांनी लावले, पण दर पंधरा दिवसांनी वर सरकवून गोड्या पाण्याच्या फडक्याने नळी पुसतात. पाण्याचा जोरदार फवारा सीलवर मारायचा नाही, हे त्यांनी सर्व्हिस सेंटरवाल्याला दोनदा ऐकवलं म्हणे. गणपती झाल्यावर ऑइल बदललं तेव्हा ते मधाच्या रंगाचं होतं. कापसाला नळीवर काही अडकलं नाही. डाव्या नळीच्या वरच्या टोकाला, सील जिथे पोचत नाही तिथे, गंजाचा एक ठिपका आहे. त्याच्यावर लक्ष आहे.

पुन्हा करायचं झालं तर

कापसाचा बोळा आता सील काढायच्याही आधी फिरतो. नळी खराब असेल तर ग्राहकाला खर्च तिथेच सांगता येतो, एकोणिसाव्या दिवशी नाही.

पुढचं आणि मागचं वेगळं करण्याचा निर्णय मला अजूनही योग्य वाटतो, कारण कशाने काय सुधारलं ते कळलं. पण मागचं डॅम्पिंग मेलेलं आहे हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. त्याचा भाग तेव्हाच मागवून ठेवायला हवा होता. सर आणि वहिनी नोव्हेंबरभर त्या झोपाळ्यावर दोनदा खाडी ओलांडून गेले, ते टाळता आलं असतं. क्रम पाळायच्या नादात मी दोन गोष्टींची गल्लत केली: तपासणीचा क्रम एक, आणि धोक्याचा क्रम दुसरा.

आणि गळणारा पाय डिस्कच्या बाजूचा असेल तर गाडी पुन्हा तशी सोडणार नाही, चिकट द्रवाची युक्ती कितीही निभावली तरी. त्या सहा दिवसांत काही झालं नाही. तेव्हा रोज सकाळी शाळेच्या वेळेला माझं लक्ष फोनकडे असायचं.

हुक पान्याचं मात्र मी ठरवलं होतं तसं झालं नाही. सर पहिल्या महिन्यात दोनदा विसरले आणि सातवरच शाळेत गेले. वहिनी कधी कधी माहेरी राहतात आणि सर एकटेच परत येतात. कडी पहिल्यांदा सातवर अडकून राहिली तीही अशीच, हे तेव्हा लक्षात आलं. आता तवसाळच्या धक्क्यावर फेरीबोट येईपर्यंत वेळ असतोच. वहिनी निरोप द्यायला तिथवर येतात, वाकून पाना लावतात, दोन ठिपक्यांवरून एका ठिपक्यावर कडी आणतात आणि पाना सीटखाली ठेवतात. सर तोवर तिकीट काढतात.